एकाहत्तरचा मारोती

अडतीस वर्षांत कोंडाबाईनं गावाला काही मागितलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि पोटात पाचवा महिना चालू होता. तार आली तेव्हा ती मास्तरांनीच वाचली आणि मास्तरांनाच ती दोनदा वाचावी लागली, कारण गावात कुणी तो देश पाहिलेला नव्हता. मारोती लक्ष्मण भद्रे, महार रेजिमेंटचा शिपाई, सत्त्याऐंशीच्या ऑक्टोबरात श्रीलंकेत कामी आला. फौज तिकडं शांतीसेना म्हणून गेली होती. मयत गावी आलीच नाही, दहन तिकडंच झालं. आली ती एक लाकडी पेटी: घड्याळ, दोन गणवेश आणि फडक्यात बांधलेली रक्षा.

सोनखांडीच्या पारावर तेव्हा लोक विचारायचे, "शांतीला गेलता म्हणं, मग मेला कसा?" सासूनं तर पोरगा बुद्धाच्या मुलखात चाललाय म्हणून सगळ्या भीमनगरात साखर वाटली होती. ती मरेपर्यंत हेच म्हणत राहिली, की त्या मुलखात माणसाला माणूस कशाला मारील.

फेब्रुवारीत मुलगी झाली. तिचं नाव लुंबिनी ठेवलं. पेन्शनवर आणि दुसऱ्यांच्या रानातल्या खुरपणीवर कोंडाबाईनं तिला शिकवलं. सैनिकाच्या मुलीला मिळते ती सवलत लागू झाली आणि लुंबिनी लातूरला सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली. कोंडाबाईला वाटलं, झालं, आता आपण गावाकडनं काही घ्यायचं उरलं नाही.

मग यंदाच्या उन्हाळ्यात संगमेश गेला.

संगमेश म्हणजे स्टँडासमोरच्या किराणा दुकानवाल्या मडिवाळप्पांचा एकुलता एक मुलगा. वय चोवीस. सीमेवर तोफगोळा पडला त्यात तो गेला. तो तिरंग्यात गुंडाळून आला तेव्हा नायगावपासून सोनखांडीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणूस उभा होता. जेसीबीच्या सोंडेतून फुलं टाकली गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून समाधी दिली, बंदुकांच्या फैरी झाल्या. संगमेशची आई शिवगंगा सारा वेळ एकाच ठिकाणी बसून होती. पुढारी येत, तिच्या डोक्यावर हात ठेवत, फोटो निघे, पुढारी जात. कोंडाबाई मागं बायकांत उभी राहून हे बघत होती. तिला हेवा वाटला नाही असं नाही. पण घरी येताना तिच्या मनात दुसरीच गोष्ट आली: गाव आता स्मारक बांधणार, दगडावर नाव कोरणार, तर त्या दगडावर एक ओळ मारोतीची का असू नये?

स्मारक समितीचा अध्यक्ष भुजंगराव होता. जिल्हा परिषदेला उभं राहायचं त्याच्या मनात होतं आणि त्यानं ते कुणापासून लपवलंही नव्हतं. पण माणूस वाईट म्हणावा असाही नव्हता. संगमेशची समाधी होईपर्यंत तो पाण्याचा घोट न घेता उन्हात उभा होता. कोंडाबाईनं आपलं म्हणणं सांगितलं तेव्हा तो चटकन हो म्हणाला. उलट इतकी वर्षं हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, म्हणून स्वतःच हळहळला. कागदं घेऊन ये म्हणाला. झेरॉक्सवर वरची माणसं भरवसा ठेवत नाहीत, मूळच आण. कोंडाबाईनं पेटीतून रेजिमेंटचं पत्र, मृत्यूचा दाखला, पेन्शनचा हुकूम, सगळं काढून त्याच्या हातात दिलं.

पंधरा दिवसांनी त्यानं तिला बोलावलं. वर विचारणा झाली होती. उद्घाटनाला मंत्री येणार होते आणि सगळं भाषण संगमेशच्या लढाईवर असणार होतं. त्यात ही लंकेची भानगड वरच्यांना नको होती.

"मावशी, तूच सांग, तिथं दुष्मन कोण होता?" भुजंगरावानं विचारलं. "ज्येंनी मारलं त्येंना आधी आपणच पोसलं म्हणत्यात. सभेत हे कसं सांगायचं? लोकाला एक दुष्मन लागतो, त्यो समजला पाहिजे."

"दुष्मन मला काय मालूम," कोंडाबाई म्हणाली. "मला फकस्त माझा माणूस मालूम हाय."

भुजंगरावानं मधला मार्ग काढला. लढाईचं नाव घालायचं नाही. नुसतं मारोतीचं नाव घालायचं. कोंडाबाईला ते पटलं. नाव राहिलं तर बाकीचं तिच्या पोटात राहीलच, इतकी वर्षं राहिलं होतं तसं. रात्रपाळीला निघालेल्या लुंबिनीला तिनं फोनवर सांगितलं. लुंबिनी म्हणाली, त्यांच्याकडनं लिहून घे. कोंडाबाईला ते कसंतरीच वाटलं. गावातल्या माणसाकडनं काय लिहून घ्यायचं?

हे कसं कोण जाणे अमरेशच्या कानावर गेलं. अमरेश हा दुसऱ्या पक्षाचा तालुक्याचा माणूस. तो भीमनगरात आला, जयभीम घातला, चहा घेतला आणि म्हणाला, आमच्या सभेत या, या सरकारला दलित शहीद चालत नाही हे तुमच्या तोंडून लोकांना कळू द्या. कोंडाबाईनं त्याला शांतपणे विचारलं, की एवढ्या वर्षांत तुम्ही दोन्ही पक्षवाले खुर्चीवर बसून उठलात, तेव्हा माझं घर कुठं होतं? अमरेश नंबर लिहिलेलं कार्ड फळीवर ठेवून निघून गेला.

डिसेंबरात उद्घाटन झालं. लुंबिनी रजा टाकून आली होती. मंडपात पहिल्या रांगेत शिवगंगा आणि मडिवाळप्पा, चौथ्या रांगेत कोंडाबाई आणि लुंबिनी. मंत्र्यांनी पडदा ओढला. काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं होती. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: शत्रूला धडा शिकवताना अमर झालेले आमचे वीर. खाली संगमेशचं नाव, गाव, साल. आणि त्याच्या खाली दुसरी ओळ. कोंडाबाई अक्षरं लावून लावून वाचायची, तिला वेळ लागला. लुंबिनीनं आधी वाचलं आणि तिनं आईचं मनगट घट्ट धरलं.

शहीद मारोती लक्ष्मण भद्रे. भारत-पाक युद्ध, १९७१.

सूत्रसंचालकानं ती ओळ माईकवर खणखणीत वाचली. एकाहत्तर म्हणताच मंडपातून टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी हात जोडले. एकाहत्तरात मारोती सात वर्षांचा होता आणि पाटलांची गुरं राखत होता.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून एक हलका आवाज आला. कुणी तरी कुणाला तरी म्हणत होतं, बाप एकाहत्तरला मेला आणि पोरगी अठ्ठ्याऐंशीची, मग ही कुणाची म्हणायची? दोनतीन जण हसले. लुंबिनीनं वळून पाहिलं नाही. ती उठली आणि मंडपाच्या कडेकडेनं चालत बाहेर गेली.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर कोंडाबाई भुजंगरावाच्या ओसरीवर गेली. तो दमून खुर्चीत पडला होता. तिनं विचारण्याआधीच त्याला कळलं. साल घातल्याशिवाय ओळ अर्धी दिसत होती, तो म्हणाला. वरच्या ओळीशी जुळेल असंच साल लागणार होतं.

"सत्त्याऐंशी म्हटलं असतं तर समदे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले असते," तो म्हणाला. "एकाहत्तर म्हटलं की टाळ्या वाजल्या. मारोतीसाठी या गावानं कधी टाळ्या वाजवल्या होत्या का मावशी? आज वाजवल्या."

"त्या मारोतीसाठी न्हाई वाजल्या," कोंडाबाई म्हणाली. "माझ्या पोरीला बिनबापाची केली तुमी. नाव काढून टाका ते."

भुजंगराव सरळ होऊन बसला. मंत्र्यांनी ज्या नावाला हात जोडले ते नाव काढायचं? उद्या पेपरात आलं तर शहिदाचा अपमान केला म्हणून आपल्या दोघांवरही लोक चालून येतील. तिनं मग कागदं मागितली. ती फायलीबरोबर वर गेली होती, येतील तेव्हा येतील.

कागदं आली नाहीत. जानेवारीत लुंबिनीच्या दवाखान्यात एक निनावी तक्रार आली. तक्रारीला दगडाचा फोटो जोडलेला होता. बाप एकाहत्तर साली वारला असं सरकारी जागेवरच्या दगडावर लिहिलंय, मग अठ्ठ्याऐंशीला जन्मलेल्या बाईनं शहिदाची मुलगी म्हणून नोकरी घेतलीच कशी? लुंबिनीला नोटीस मिळाली. मूळ कागदपत्रांसह तीस दिवसांत खुलासा करावा. मूळ कागदपत्रं कुठं आहेत हे तिला ठाऊक होतं आणि ती मिळणार नाहीत हेही ठाऊक होतं. तिनं मध्य प्रदेशात रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज धाडला. तिकडनं कळवण्यात आलं, की शोध घेऊन कळवू.

कोंडाबाई मुखेडवरून एसटीनं लातूरला गेली. लेकीचं तोंड उतरलेलं होतं. वॉर्डातल्या बायका समोर काही बोलत नव्हत्या, पण फोटो सगळ्यांच्या मोबाइलात होता. दगड लातुरातच कोरला होता, दाल मिलच्या मागं ईश्वरप्पाच्या दुकानात. दोघी तिथं गेल्या. ईश्वरप्पा म्हातारा होता, भस्म लावलेला, हातावर दगडाची पांढरी भुकटी. त्यानं त्यांना स्टुलं दिली आणि वहीतून समितीनं दिलेला कागद काढून दाखवला. अगदी सुरुवातीला टाइप केलेल्या त्या कागदावर "श्रीलंका, १९८७" असं स्पष्ट होतं. त्यावर निळ्या पेनानं काट मारून बाजूला हातानं लिहिलं होतं: भारत-पाक, १९७१.

लुंबिनीनं त्या कागदाचा फोटो काढला. तो पुरावा म्हणून चालेल की नाही हे तिला सांगता येईना, कारण त्यावर सही कुणाचीच नव्हती.

"अप्पा, तुमी बदलून द्या," कोंडाबाई म्हणाली. "हात जोडते."

ईश्वरप्पानं मान हलवली. समितीचं पत्र आणा, मी फुकट करतो, तो म्हणाला. पत्राशिवाय सरकारी जागेवरच्या दगडाला हात लावला तर मी आत जाईन. मग हातावरची भुकटी झटकत म्हणाला, की चाळीस वर्षांत त्यानं पुष्कळ स्मारकं कोरली. माणूस मेला तो मेला, त्याच्या नावात कुणी बदल करत नाही. पण वरची ओळ तीनतीनदा घासून घेतात. जसा झेंडा, तशी ओळ.

परतीच्या एसटीत कोंडाबाईला वाटलं, आता एकच दार राहिलं. वीरमाता बोलली तर भुजंगरावाला ऐकावंच लागेल.

शिवगंगाच्या घरात ती कधी गेली नव्हती. दुकानावर उभं राहून मीठतेल घेण्यापलीकडं त्यांचं येणंजाणं नव्हतं. त्या दिवशी ती मागच्या दारानं गेली. शिवगंगा जात्याजवळ भिंतीला टेकून बसली होती, गळ्यात इष्टलिंग, समोर संगमेशचा हार घातलेला फोटो. कोंडाबाईनं सगळं सांगितलं: साल, नोटीस, निळी काट.

शिवगंगानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्या माणसाचं नाव माझ्या लेकाच्या दगडावर घातलं, त्येला मी आडवी आले न्हाई. आता आणि काय करू? तुमची लढाई निराळी होती, कोंडाबाई. ती हरल्याली लढाई. माझ्या लेकाची तशी न्हाई."

हे कोंडाबाईला लागलं, पण ती उठली नाही. ती म्हणाली, "अक्का, मला बी खुर्ची होती. पंधरा ऑगस्टला कलेक्टरची गाडी येत होती मला न्यायला. हार, साडी, फोटो. मला बी वीरपत्नी म्हणत होते."

शिवगंगानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "किती साल?" तिनं विचारलं.

"दोन."

"मग?"

"मग फौज वापस आली. दुसरे लोक खुर्चीवर आले. त्येंनी म्हटलं, धाडायलाच नको होतं. मग कुणालाच मी समोर नको झाले."

शिवगंगानं पदर तोंडावर घेतला आणि म्हणाली, जावा तुमी. मला हे ऐकायचं न्हाई. कोंडाबाई उठली, तेव्हा मागनं पुन्हा आवाज आला, अगदी लहान, "जावा म्हणते ना."

नोटिशीची मुदत संपायला चार दिवस उरले होते. त्या दिवशी बाजार होता आणि स्टँड भरलेलं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला कोंडाबाई बांधकामावरच्या मिस्त्रीकडनं एक घमेलं कालवलेलं सिमेंट मागून घेऊन स्टँडावरच्या स्मारकापाशी आली. तिनं चपला काढल्या, पायरी चढली आणि उघड्या हातानं दुसऱ्या ओळीवर सिमेंट लिंपायला सुरुवात केली. आधी साल. मग लढाई. शेवटी नावावर हात आला तेव्हा ती थांबली. मारोतीवर सिमेंट घालायला तिचा हात होईना. लोक जमले, मोबाइल वर झाले. कुणी तरी ओरडलं, शहिदाच्या दगडाला घाण लावून राहिली. तिनं डोळे मिटले आणि नावही लिंपून टाकलं.

भुजंगरावाची पोरं तिला ओढायला वर आली. तेवढ्यात शिवगंगा दुकानातून रस्ता ओलांडून आली. लोकांनी वाट करून दिली. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई हिला दोन थोबाडीत देईल. शिवगंगा पायरी चढली, कोंडाबाईच्या आणि त्या पोरांच्या मध्ये उभी राहिली. वीरमातेला हात लावायची कुणाची टाप नव्हती. पोलिसांची गाडी येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.

कोंडाबाईवर स्मारकाच्या विटंबनेची केस झाली. ठाण्यात तिला बाकावर बसवून ठेवलं. हाताला लागलेलं सिमेंट वाळून कातडी तडकत होती. लुंबिनी लातूरहून निघाली होती, पण जामीन राहायला कुणी मिळेना. भीमनगरातली माणसं आली; भुजंगराव दारात उभा आहे बघून त्यांची सही करायची हिंमत होईना. शेवटी अमरेश आला. त्याच्याबरोबर वकील होता आणि दोन कॅमेरेवाले होते. तो म्हणाला, तुम्ही काहीच बोलू नका, नुसत्या माझ्याशेजारी उभ्या राहा. कोंडाबाईला त्याला नको म्हणायचं होतं. लुंबिनीची एसटी कुठं आली असेल याचा ती विचार करत होती. ती त्याच्याशेजारी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात ती वाघीण होती आणि दुसऱ्यात देशद्रोही. मारोती दोन्हीत एकाहत्तरलाच मेला होता. एकानं चौकशी केली नव्हती आणि दुसऱ्याला तसंच सोयीचं होतं. भुजंगरावानं माणसं लावून दगड घासून घेतला, सोनेरी रंग नव्यानं भरला. पहिल्यापेक्षा अक्षरं जास्त चमकायला लागली. लुंबिनीला चौकशी होईपर्यंत कामावर यायला मनाई झाली. ती सोनखांडीला आली आणि रेजिमेंटचं उत्तर येईल म्हणून रोज दुपारी पोस्टमनच्या वेळी दारात उभी राहायला लागली.

मार्चच्या एका दुपारी दारात पोस्टमनऐवजी शिवगंगा उभी होती. भीमनगरात ती पहिल्यांदाच आली होती आणि घर सापडायला तिला दोनदा विचारावं लागलं होतं. पदराखाली प्लास्टिकची पिशवी होती. पाणी घेणार का म्हणून लुंबिनीनं भीतभीत विचारलं. शिवगंगानं तांब्या घेतला, प्याली, आणि चटईवर बसली.

तिनं पिशवीतून संगमेशची कागदं काढून चटईवर ठेवली. तुकडीचं पत्र, दाखला, पदकाचा कागद, त्यानं घरी लिहिलेली दोन पत्रं. भुजंगराव ही फायलीला लावायला मागून राहिलाय, ती म्हणाली. मडिवाळप्पा देऊन टाका म्हणतात. तिनं अजून दिली नव्हती. मग ती कोंडाबाईकडं वळली.

"उद्या ह्येंचं राज गेलं आणि दुसऱ्यांनी म्हटलं ही लढाई झालीच न्हाई, तर?" ती म्हणाली. "तर माझा पोरगा कुठं मेला म्हणायचं मी?"

लुंबिनीनं एकेक कागद उचलून मोबाइलात फोटो काढायला सुरुवात केली. शिवगंगानं तिचा हात धरला.

"आधी वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. तारीख बरोबर हाय का बघ. जागेचं नाव बघ. मला फकस्त कन्नड लिवता वाचता येतं."

लुंबिनी वाचायला लागली. दोन्ही बाया कागदावर वाकल्या.